पाणी : नाही

मधू, तुझा दुपट्टा अजून खुंटीवरच आहे. त्या दिवशी सकाळी तू चपला सरकवत होतास, तेव्हा मी तो हातात घेऊन दारापर्यंत आले होते. "नवतपा सुरू आहे, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, डोकं बांधून जा. खिशात कांदा ठेव," म्हटलं. तू हसलास. "ताई, तेरा वर्षं झाले, मी वेलीपासून काईच शिकलो नाई का?" दुपट्टा माझ्या हातात तसाच राहिला. तू हजेरीपट काखेत मारलास, भिंतीवरचं थर्मामीटर पेपरात गुंडाळून पिशवीत टाकलंस आणि बसस्टँडकडे निघालास. लहानपणी तुझं डोकं मी मानगूट धरून बांधायचे. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाची मानगूट धरावी कशी, म्हणून मी दारातच थांबले.

आज एकवीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले, मृग लागला म्हणतात पण आभाळ कोरडं ठाक आहे. तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. कापडाच्या दुकानात बसलेला शास्त्रज्ञ होता, म्हणतात. बाजारातल्या लोकांनी शोकसभा घेतली तेव्हा मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी शाळेत शिकवते, मला बोलता येतं असा त्यांचा समज. मी उभी राहिले, पाणी प्यायले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून आलं होतंच, पण जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं आहे, आणि फार उशिरा बोलते आहे.

ती द्राक्षाची वेल आली ते साल ब्याण्णव. तू नाशिककडे कुणाच्या लग्नाला गेला होतास आणि येताना ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या चार काड्या घेऊन आपल्या सिंदीच्या स्टेशनवर उतरलास. शोभाला वाटलं, पोत्यात तिच्यासाठी काही असेल. तुझी बायको बिचारी, त्या दिवशीपासून त्या वेलीची सवत झाली. बाजारात थट्टा सुरू झाली. समोरचा भांडीवाला म्हणाला, "मधुभाऊ, आपल्या इकडच्या उन्हात तुमच्या वेलीले द्राक्षं नाई, डायरेक्ट मनुके लागतीन!" तू त्याला म्हणालास, "लागू दे ना बापा, वाळवायची मेहनत वाचली." पण घरी आल्यावर काड्या लावताना तू खड्ड्यातली माती तीनतीनदा चाळलीस. का, ते मला ठाऊक होतं. कृषी महाविद्यालयात तुझा नंबर लागला होता, ट्रंक भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात बाबांचं अंग लुळं पडलं. तू ट्रंक रिकामी केलीस आणि हातात मीटर घेऊन दुकानाच्या गादीवर बसलास. त्याबद्दल तू पुन्हा कधी एक अक्षर काढलं नाहीस. त्या चार काड्या आल्या तेव्हा मला कळलं की तू काही विसरला नव्हतास.

दोन काड्या फुटल्याच नाहीत. तिसरी पहिल्या मे महिन्यात जळाली. चौथी राहिली.

वही हवी म्हणालास म्हणून मी शाळेतला जुना कोरा हजेरीपट आणून दिला. तू वेलीच्या फांद्यांना मुलींची नावं दिलीस, कुसुम, सुमन, कमल, आणि रोज दुपारी जेवायला घरी आलास की आधी हजेरी. पान टवटवीत असेल तर हजर, मान टाकली असेल तर गैरहजर. शोभा ताट वाढून हाका मारायची आणि तू अंगणातून ओरडायचास, "थांब वं, सुमनची तब्येत बरी नाई!" नावांच्या पुढे तू चौकटी आखल्या होत्यास. तापमान, वारा, आणि शेवटची चौकट पाणी.

पहिल्या उन्हाळ्यात, वेल ऊन कसं सोसते हे तू मला दाखवलंस, तो दिवस आठवतो. मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवत होते आणि तू मला भर दोन वाजता हाताला धरून अंगणात नेलंस. "हे पान पाह्य. सकाळी कसं पसरलं होतं? आता त्यानं कड फिरवली सूर्याकडे. अंगावर ऊन कमी घेते. आन् पानाच्या मांगं बारीक बारीक तोंडं राह्यतात, ते बारा वाजले का मिटून घेते. उपाशी राह्यते, पण आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाई." तुझा चेहरा लाल झाला होता, घाम टिपायचंही भान नव्हतं. मी इतकी वर्षं पानांची चित्रं फळ्यावर काढत आले, पण पान कड फिरवतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. मोठ्या बहिणी धाकट्या भावाचे आभार मानत नाहीत, हा आपल्याकडचा एक मूर्खपणा.

मग तुझा सिद्धान्त. वेलीला दर उन्हाळ्यात पाणी कमी करत न्यायचं, म्हणजे तिची मुळं पाण्याच्या शोधात खोल जातील, पानं जाड होतील, ती उन्हाला सरावेल. जी फांदी तगेल तिचं कलम करायचं, की पुढची वेल जन्मतःच टणक. नाशिकचे लोक एप्रिलात खरड छाटणी करतात, फांद्या पार आखूड कापून टाकतात, तशी तूही दोनदा केलीस आणि कोवळे फुटवे आपल्या उन्हात करपून गेले. तेव्हा तू छाटणी पावसाळ्यावर ढकललीस आणि जुनी पानं वेलीच्या स्वतःच्या सावलीसाठी ठेवलीस. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं, ते तू वेलीकडे बघून शिकलास.

मी वाद घालायची. काडी लावली म्हणजे ती नवी वेल नव्हे, तीच जुनी वेल. दहा वर्षांत झाड शिकत नसतं, असली शिकवण पिढ्यान्‌पिढ्या लागते. तू म्हणायचास, "तू सातवीच्या पुस्तकातलं सांगून राह्यली. काडीले आठवण राह्यते." आपला हा वाद बारा वर्षं चालला. बाहेरच्याला वाटलं असतं, बहीण-भाऊ भांडतात. मला तर तो दिवसातला सगळ्यात आवडता वेळ होता.

आणि तो वाद दरवर्षी मी हरले. का हरले, ते आता सांगते.

चौऱ्याण्णवचा मे. तू पहिल्यांदा पाणी पूर्ण बंद केलंस. तीन दिवसांत सगळ्या फांद्यांनी माना टाकल्या. तू हजेरीपटावर 'गैरहजर' लिहीत होतास आणि जेवत नव्हतास. शोभानं दोनदा ताट उचललं. बाबा पडले त्या आठवड्यात तुझं तोंड जसं झालं होतं, अगदी तसं ते झालं होतं. चौथ्या दिवशी तू दुकानात गेलास, मला सुट्टी होती. अकरा वाजले होते. मी आईचा तांब्याचा गुंड भरला, मागच्या दारानं अंगणात गेले आणि वेलीच्या बुंध्याशी ओतला. एकदाच, असं ठरवलं होतं.

दीड वाजता तू घरी आलास आणि तुझी आरोळी मी स्वैपाकघरात ऐकली. "ताई! सावरली! आपल्या आपून सावरली!" चप्पल न काढता तू आत आलास, मला खांद्याला धरून बाहेर नेलंस. कुसुमनं मान वर केली होती. तू त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्यास. आणि जेवण झाल्यावर, हात न पुसता, हजेरीपटात लिहिलंस: पाणी, नाही. हजर, सर्व.

मग मी दुसऱ्या दिवशी पाणी कसं थांबवणार होते, सांग.

हे मला नवं नव्हतं. लहानपणी बाबा तुला शिक्षा म्हणून उपाशी ठेवायचे, कोठीच्या खोलीत कडी लावून. मी फ्रॉकच्या खिशात गूळ-पोळी घालून दाराच्या फटीतून तुला सरकवायचे. बाबांना वाटायचं, पोरगं मोठं चिवट आहे, दोन दोन वेळा उपाशी राहतं पण रडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. तेव्हा आपण दोघं तोंड दाबून हसायचो. या खेपेला हसायला मी एकटीच होते, आणि मला हसू येत नव्हतं.

तू मला काय दिलं होतंस, तेही सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील, बाईनं हे केलं तरी कशापायी. माझे यजमान गेले तेव्हा मी आर्वीला सासरी होते. पंधरा दिवसांनी तू एसटीनं आलास. सासूबाईंच्या पाया पडलास, माझी पेटी उचललीस आणि म्हणालास, "चाल ताई, आपल्या शाळेत जागा निघाली आहे." जागा निघाली नव्हती. ती तू पुढे तीन महिने खेटे घालून मिळवलीस. बसमध्ये मला खिडकीशी बसवलंस आणि वर्धा येईपर्यंत गर्दीला आड करून बसलास, कारण मी रडत होते आणि तुला माझं रडणं लोकांना दिसू द्यायचं नव्हतं. घरातली पुढची हवेशीर खोली मला दिलीस. एवढं सगळं घेतल्यावर माझ्याजवळ तुला द्यायला एक गुंड पाणी होतं. ते मी दिलं. रोज अकरा वाजता, बारा उन्हाळे.

ते कुणाला दिसलं नाही, याला कारणही तूच. गिरडला किसनाजी तुझं जुनं गिऱ्हाईक. दर्ग्याच्या टेकडीखाली त्यांचं चादरींचं दुकान, हिरवं कापड तुझ्याकडून घेत. तू त्यांच्याकडून टेकडीवरचे ते सुपारीएवढे गोल दगड पोतंभर आणवलेस आणि वेलीच्या बुंध्याशी पसरलेस, मुळं थंड राहावीत म्हणून. मी दगड बाजूला सारून पाणी घालायची आणि पुन्हा पसरून ठेवायची. तू येईपर्यंत वरचे दगड तापून कोरडे झालेले असायचे. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दर्ग्यातल्या फकीरबाबांनी दगड करून टाकला, अशी त्या दगडांची गोष्ट सांगतात. मी कधी कधी दगड सारताना मनात म्हणायची, बाबा, मी थट्टा करत नाही.

पहिला घड आला तेव्हा त्यात सतरा मणी होते. जाड सालीचे, बियांचे, शेंगदाण्याएवढे. तू पहिला मणी मला दिलास. "आंबट आहे ना?" "आंबट आहे." "म्हंजे द्राक्षच आहे! कोल्ह्याले बोलाव आता." उरलेले सोळा तू बाजारभर वाटलेस. भांडीवाल्याला एक, पोस्टमनला एक. त्याच पावसाळ्यात किसनाजींना कलम करून दिलंस. "पाणी नोको देजा उन्हाळ्यात. तिले गरज नाई." मी तिथेच पाटावर बसून शेंगा निवडत होते. माझी मान वर झाली नाही.

मी सांगणार होते. दर वर्षी चैत्रात ठरवायची, यंदा गुंड भरायचा नाही आणि भरला तर सांगून. मग तू वाद काढायचास, "पाह्य ताई, यंदा सुमन बी हजर. बोल आता, वेल शिकते का नाई?" आणि मी गप्प बसायची. तुला वाटायचं, हरली म्हणून फुगली. तुझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा माझ्या हातात होता आणि तो बाहेर काढला तर वाद मी जिंकले असते. मला जिंकायचं नव्हतं, मधू. तुझी ती एक गोष्ट मोडायची नव्हती.

पण तू वेलीवर थांबला नाहीस. पाच वर्षांपूर्वी तू तेच स्वतःवर सुरू केलंस. आधी तुझ्या खोलीतला कूलर बंद केलास, वाळ्याच्या ताट्या काढून माळ्यावर टाकल्यास. मग उन्हाळ्यात बारा ते चार पाणी पिणं बंद. "वेल तोंड मिटून घेते, मी बी मिटतो. एक जीव सराव करू शकते तं दुसरा काऊन नाई?" शोभानं आकाशपाताळ एक केलं. मी चेष्टेवारी नेलं. "तुला मुळं आहेत का?" म्हटलं. तू म्हणालास, "फुटतीन." आणि शोभा चिडली की तुझं ठरलेलं उत्तर, "ऊन सहन करून राह्यलो मी, मरून नाई राह्यलो."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या एका दिवशी. मी अंगणात गेले, वेलीकडे पाहिलं, आणि अकरा वाजले होते म्हणून गुंड भरला. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नाही, जितकी आज हे लिहिताना येते आहे.

यंदा चैत्रात तू हजेरीपटाचं बाड काढलंस. कृषी विद्यापीठाकडे पाठवायचं ठरवलंस. मी घाबरले. तिथली माणसं येतील, खणतील, विचारतील. तुझं हसं होईल. म्हणून मी शाळेतल्या बाईंचा आवाज लावला आणि म्हटलं, "एका वेलीवरून काय सिद्ध होतं रे? दुसरी कुठे जगली का, दाखव." मला वाटलं, आणखी एक उन्हाळा टळला. तू बाड चाळत राहिलास. मग एकदम उजळलास. "किसनाजीची! ते म्हणतात मस्त आहे. नवतप्यात जाऊन पाह्यतो, तापमान घेतो, हजेरी घेतो. मंग तं मानशील?"

"मग मानेन," मी म्हटलं.

तुला गिरडला मी पाठवलं, मधू. लोक म्हणतात उन्हानं नेलं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी किसनाजी आले. ओसरीवर बसले, टोपी हातात. चहा घेतला नाही. शोभा आत होती. खाली बघत म्हणाले, "बाई, माह्या हातून पाप झालं. वेल तं पह्यल्याच उन्हाळ्यात गेलती. भाऊ दर खेपेले इतक्या मायेनं इचारत, कशी आहे माही वेल? मले मेली म्हणवेना. मस्त आहे म्हणलं. एक डाव म्हणलं, मंग म्हणतच गेलो. वाटलं, ते कायले येतात इतक्या दूर पाह्याले." मग म्हणाले, "मी तं समजत होतो, माहाच हात वाईट. भाऊची वेल बिनपाण्याची जगते, माहीच काऊन मेली?"

तू दोन बस बदलून भर दुपारी उतरलास. स्टँडपासून त्यांच्या घराची वाट टेकडीला वळसा घालून जाते. कळवून आला असतास तर त्यांनी काही बहाणा तरी केला असता. त्यांना तू बाभळीखाली बसलेला दिसलास, पाठ टेकून. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पिशवीत शोभानं भरून दिलेली बाटली होती. किसनाजी म्हणाले, "पुरी भरेल होती, बाई. झाकण बी उघडलं नोतं."

त्यांनी हात जोडले, माफ करा म्हणाले. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. खरं तर त्यांचे हात धरून सांगायला हवं होतं की तुमचा हात वाईट नव्हता हो, माझा फार चांगला होता. तेही सांगितलं नाही. म्हातारा माणूस रडत टेकडीकडे परत गेला.

त्या दिवसांत घरात माणसं होती, सतत कुणी ना कुणी अंगणात. अकरा वाजायचे आणि मी बायकांच्या घोळक्यात बसलेली असायची. गुंड मोरीत पालथा. सहाव्या दिवशी कुसुमनं मान टाकली. दहाव्या दिवसापर्यंत पानं हातात घेतली तर चुरत होती. तुझ्या वेलीनं कड फिरवली नाही, तोंड मिटलं नाही, काहीच केलं नाही. तिला करायची सवयच मी राहू दिली नव्हती.

तेरवीचा मांडव घालायला माणूस आला. बांबूसाठी त्यानं वेलीजवळ पहार मारली आणि दगडांखालची माती उचकटून वर आली. मातीत मुळांचं जाळं होतं, चटईसारखं, जेमतेम वीतभर खोल. त्यानं ते हातात धरून झटकलं. "बाई, याचे मुळं तं सारे वरच्यावरच हायेत. खाली एक बी नाई गेलं. रोज पाणी भेटत होतं वाटते वरून?" शोभा माझ्या बाजूला उभी होती. मी म्हटलं, "मांडव जरा अलीकडे घ्या."

चार दिवस गेले. पाहुणे गेल्यावर, तांदूळ निवडताना, शोभा ताटावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, मले माहीत होतं. गुंड रोज ओला राह्ये. मी म्हटलं, त्याईले आनंद आहे ना, कायले मोडा." मी हातातले तांदूळ खाली ठेवले. मग तिनं विचारलं, "आपुन दोघीपैकी एकीनं बी सांगतलं असतं, तं ते घरी राह्यले असते का?"

तिनं शांतपणे विचारलं होतं. ती माझ्यावर ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. मी खाली ठेवलेले तांदूळ पुन्हा उचलले, आणि ती निवडत राहिली.

मधू, तू माझ्याशी वाद घालत होतास तेव्हा तुला वाटायचं आपण दोघं वेलीबद्दल बोलतोय. तेरा वर्षं तू उन्हात उभा राहून जे टिपलंस, त्यातलं खरं किती, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. छाटणी पुढे ढकललीस त्यानं वेल वाचली, की माझ्या पाण्यानं? पानं खरंच जाड होत गेली का? काडीला आठवण राहते का? कदाचित राहत असेल. कदाचित तुझंच खरं असेल, मुळं खोल गेली असती, एखादी फांदी उन्हाला पुरून उरली असती, आणि मी बाई आड आले. चौऱ्याण्णवच्या त्या मे महिन्यात मी वेल मरू दिली असती तर तू आठवडाभर जेवला नसतास. मग दुसरी लावली असतीस. आज दुकानातून दीडला घरी आला असतास.

काल अकरा वाजता मी गुंड भरला. या वेळी मागचं दार हळू उघडलं नाही, दोन्ही फळ्या सताड उघडल्या. दगड सारले नाहीत, तसंच ओतलं. पाणी दगडांवरून घरंगळत न्हाणीकडे गेलं. शोभा दारात आली, तिनं पाहिलं, आणि आत गेली. मी मोठ्यानं म्हटलं, "मधू, मी पाणी घालते आहे!" शेजारची सून गच्चीवरून वाकून बघायला लागली. बघू दे. तू बाहेर येऊन माझ्यावर ओरडावंस एवढंच मला हवं होतं.

मग हजेरीपट घेऊन बसले. वर्गातल्या चुका तपासते ते लाल पेन घेतलं. चौऱ्याण्णवच्या मेपासून सुरुवात केली. जिथे जिथे तुझ्या बारक्या अक्षरात 'पाणी : नाही' आहे, तिथे 'नाही' खोडून वर लिहीत गेले, 'होय. ताईने घातले.' एका उन्हाळ्याला साठ-सत्तर ओळी. दुपारी जेवायला उठले नाही. संध्याकाळी शोभानं दिवा लावला तेव्हा मी शेवटच्या पानावर आले होते.

ते पान तू गिरडला लिहिलं होतंस, बहुतेक स्टँडवर उभं राहूनच. स्थळ, गिरड. तापमान, सत्तेचाळीस. वारा, उष्ण. हजेरीच्या चौकटी रिकाम्या आहेत, वेल तिथे नव्हतीच. पाण्याची चौकटही रिकामी आहे.

मी लाल पेन ठेवलं. तुझं निळं पेन हजेरीपटाच्या दोऱ्यात अडकवलेलं होतं, ते काढलं. बाबांनी तुला कोठीत कोंडलं तरी तुझ्यापर्यंत काहीतरी पोचवणारी मी होते. त्या बाभळीखाली तुझ्यापर्यंत माझं काही पोचलं नाही. बारा वर्षांच्या हजेरीपटात ही एकच नोंद आहे, जी मला खोडावी लागली नाही. ती मी तुझ्या शाईनं, तुझ्यासारखं बारीक अक्षर काढून लिहिली.

पाणी : नाही.